पाऱ्यावरचा चहा

गेल्या रविवारी आपलं बोलणं रंगात आलं असताना माझा टॅबलेट बंद पडला. आधी तुम्ही दोघं पडद्यावर गोठलात, मग पडदाच काळा झाला. तुमच्या आईने घाबरून फोन केला. मी ठणठणीत होते. तापला होता तो टॅबलेट. खिडकीतलं ऊन सरकत सरकत त्याच्यावर आलं होतं. मी तो उचलला, स्वयंपाकघरात ओट्यावर दोन पालथ्या वाट्यांवर आडवा ठेवला म्हणजे खालूनही वारा लागेल, आणि तो गार होईपर्यंत चहा केला. पुन्हा बोलायला बसलो तेव्हा धाकट्याने विचारलं की आजी, तुला हे कुणी शिकवलं. दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहून पाठवते आहे. मराठी वाचायला अडलात तर आईला वाचून दाखवायला सांगा.

मला हे शिकवलं त्या गृहस्थांना सगळे सुभेदार म्हणत. खरं तर ते कधी सैन्यात नव्हते. देहूरोडच्या लष्करी डेपोत बिनतारी यंत्रांच्या दुरुस्तीवर मुलकी सुपरवायझर होते, आणि तिथून निवृत्त होऊन लोणावळ्याला आले होते. पण पाठ ताठ, मिशी कातरलेली, खाकी पँटची इस्त्री मोडलेली कधी दिसली नाही, तेव्हा गावाने त्यांना परस्पर सुभेदार करून टाकलं. प्रत्येक नव्या माणसाला ते एकदा सांगत, "मी सुभेदार नाही." मग त्याच हाकेला ओ देत.

एकोणीसशे साठ ते सत्तरच्या मधली ही गोष्ट. मुंबईच्या एका ट्रस्टने लोणावळ्यात परिषदांसाठी एक सभागृह बांधलं होतं. मी बी.ए. होऊन, शॉर्टहँड आणि टायपिंग शिकून तिथे नोकरीला लागले होते. हवा थंड म्हणून मुंबई-पुण्याची मंडळी तिथे सभा घ्यायला येत: कारखान्यांचे मॅनेजर, शिक्षक, डॉक्टर. मी बोलणं टिपून घ्यायचं आणि सुभेदारांनी ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं, अशी आमची वाटणी होती.

पोचवण्याचं यंत्र म्हणजे एक मोठा अँप्लिफायर. सुभेदार त्याला 'सेट' म्हणत. तेव्हा त्यात काचेचे व्हॉल्व्ह असत, लहान दिव्यांसारखे, आणि ते चालू असताना लालसर उजळत आणि चांगलेच तापत. सेट जितका वेळ चालेल तितकी उष्णता साठत जाई. फार साठली की आधी आवाज घोगरा होई, मग जळक्या मेणासारखा वास येई, आणि मग मुंबईहून सुटा भाग येईपर्यंत सभागृह मुकं.

या सेटसाठी सुभेदारांनी सुताराकडून मुद्दाम एक कपाट करून घेतलं होतं. घरोघरी दूध ठेवायला जाळीचं कपाट असे, तसंच. चारी बाजूंनी जाळी आणि पाय पाण्याच्या वाट्यांत, कारण ऊब लागली की मुंग्या येतात. वरच्या खणात सेट. त्याच्या अंगाला एक काचेचा थर्मामीटर बांधलेला, आणि त्या थर्मामीटरवर एका ठरावीक जागी लाल दोऱ्याची गाठ. पारा दोऱ्याला टेकला की सेट बंद. मग व्यासपीठावर कोणी का असेना.

सेट बंद झाला की लोकांनी करायचं काय? तर चहा प्यायचा. म्हणून आमच्याकडे चहा घड्याळावर नसे, पाऱ्यावर असे. मे महिन्यात लोकांना तीनतीनदा चहा मिळे आणि डिसेंबरात एकदा मिळाला तर मिळाला. चहा करायला हमीदामावशी होत्या, बाजारपेठेतल्या एका जुन्या मुसलमान कुटुंबातल्या. सभा सुरू झाली की थोड्या वेळाने त्या मागच्या दारातून डोकवायच्या आणि हळूच विचारायच्या, "सुभेदारसाब, कुटवर चढलाय?" सुभेदार जाळीतून पाहून हाताने उंची दाखवायचे. तेवढ्यावरून मावशी आधण ठेवायच्या. पारा आणि आधण बरोबर एका वेळी वर येत.

एवढं करून सुभेदार स्वतः चहा गार करून प्यायचे, साय धरल्यावर. मावशींना तो चहाचा अपमान वाटे. "समदी चा पित्यात," त्या मला ऐकवायच्या, पण सुभेदारांना ऐकू जाईल अशा बेताने, "आन हे साब चाचं पानी पित्यात."

"तापलेल्याला हात लावू नये, मावशी," ते म्हणत. हे त्यांचं वाक्य सगळ्याला चाले. मी एकदा छापखान्याला रागाचं पत्र टाइप केलं होतं, ते त्यांनी माझ्या टेबलावर पाहिलं. वाचलं नाही, फक्त हाताचा मागचा भाग त्या कागदावर टेकवला, आईने मुलाच्या कपाळाला लावावा तसा, आणि म्हणाले, "गरम आहे. उद्या सकाळी टाका." दुसऱ्या दिवशी मी ते पत्र निम्मं केलं. तो उलटा हात ते सगळ्याला लावत. पुण्याच्या बसच्या बॉनेटला, किटलीला, भिंतीतल्या विजेच्या बटणाला. तळहात कधीच नाही. डाव्या तळहातावर भाजल्याची जुनी खूण होती. मी एकदा विचारलं तर एवढंच म्हणाले, "डेपोत एकदा एक अधिकारी म्हणाले, अजून पाचच मिनिटं चालू दे."

सेटवर काही ठेवलेलं त्यांना खपत नसे. एका पाहुण्यांनी सत्काराची शाल आणि हार गळ्यातून काढून सहज त्या कपाटावर ठेवले. सुभेदारांनी भर भाषणात ते उचलले, व्यासपीठावर गेले, आणि बोलणाऱ्या पाहुण्यांच्या गळ्यात हार आणि खांद्यावर शाल परत घातली. लोकांना वाटलं दुसऱ्यांदा सत्कार झाला. टाळ्या पडल्या. पाहुणेही खूश दिसले.

सभागृहात पंखा एकच होता, टेबलावरचा, आणि त्याचं तोंड अध्यक्षांकडे नसून सेटकडे असे. माइकची परीक्षा घेताना इतर लोक हॅलो हॅलो म्हणतात. सुभेदार आगगाडीची स्टेशनं म्हणत. "खंडाळा, लोणावळा, मळवली, कामशेत..." रिकाम्या सभागृहात त्यांचा तो शांत आवाज पुण्याच्या गाडीसारखा पुढे पुढे जायचा. तळेगावपर्यंत आवाज फाटला नाही की ते समाधानाने बटण बंद करायचे. देहूरोड कधी म्हणत नसत.

आता लोणावळ्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. उष्णतेचा त्रास सेट चालू असतानाचा. पावसाळ्यात बंद सेटचा शत्रू म्हणजे ओल. आमच्याकडे चार महिने मीठ पाझरायचं, काडेपेटी पेटायची नाही, चपलांवर हिरवी बुरशी चढायची. म्हणून प्रत्येक घरात कपड्यांच्या आणि पुस्तकांच्या कपाटात एक लहानसा विजेचा दिवा दिवसरात्र जळत ठेवायचा रिवाज होता. त्या उबेने कपाट कोरडं राही. दसऱ्याला कपडे उन्हात घालायचे आणि दिवे काढून ठेवायचे. सुभेदारांनीही सेटच्या कपाटात खाली एक फळ्यांचा बंद खण करून घेतला होता आणि त्यात पावसाळाभर दिवा असे. फळ्यांच्या दारामुळे तो बाहेरून दिसत नसे.

असं सगळं सुरळीत चाललं असताना ट्रस्टने नवे सेक्रेटरी नेमले. मुंबईचे, विलायतेत शिकलेले, माझ्यासारखेच व्यवस्थेचे भोक्ते. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगते. छापील कार्यक्रमपत्रिका ही त्यांची पहिली सुधारणा. प्रत्येक भाषणाची वेळ, जेवणाची वेळ आणि अर्थातच चहाची वेळ. मी ती टाइप करून छापखान्यात देत असे.

पहिल्याच परिषदेत एक फार मोठे कारखानदार बोलत होते. उद्योगाचं भवितव्य आता, असं म्हणून त्यांनी हात वर नेला, आणि आवाज गेला. सुभेदार पुढे आले, त्यांना अदबीने नमस्कार केला आणि एकच शब्द म्हणाले, "चहा." सभागृह हसलं. कारखानदारही हसले, कारण हात वर राहिला होता. सेक्रेटरी मात्र हसले नाहीत.

नंतर ऑफिसात, माझ्यादेखत, त्यांनी सुभेदारांना बसायला सांगितलं आणि शांतपणे बजावलं. छापील वेळेआधी सेट पुन्हा एकदा बंद झाला, तर सुभेदारांनी नोकरी आणि सभागृहामागची खोली दोन्ही सोडायची. ट्रस्ट नवं यंत्र आणि नवा माणूस आणील. सुभेदारांना ती खोली सोडली तर घर नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "फक्त चहाची वेळ छापताना मला विचारत जा."

सेक्रेटरींनी ते मान्य केलं. पुढच्या प्रत्येक परिषदेआधी सुभेदार दिवस कसा आहे, माणसं किती आहेत हे पाहून आपल्या अनुभवाने वेळ सांगायचे, ती छापली जायची आणि पारा दोऱ्याजवळ पोचायच्या बेतात चहा व्हायचा. त्यांना यंत्राचा अंदाज होता. काही महिने दोघांचंही समाधान राहिलं.

मग ऑक्टोबरात ती डॉक्टर आणि सुईणींची परिषद आली. मावळातल्या वाड्यावस्त्यांवर बाळंतपणं करणाऱ्या सुईणींना बोलावून त्यांच्याशी बोलावं, अशी पुण्याच्या एका वयस्क डॉक्टरीणबाईंची कल्पना होती, आणि त्याच अध्यक्ष होत्या. डॉक्टर पुढच्या रांगांत बसले. सुईणी नऊवारी पदर डोक्यावरून घेऊन अगदी मागे, भिंतीला लागून. चहाआधी शेवटचं नाव हौसाबाईंचं होतं, कार्ल्याच्या पलीकडच्या डोंगरावरच्या एका वाडीतल्या सुईणीचं. बाकी सगळे बोलणारे डॉक्टर.

सकाळी धुकं होतं, नंतर ऑक्टोबरचं ऊन कडक पडलं. मी सेटजवळच टिपणं घेत बसले होते. पहिलंच भाषण संपलं तेव्हा सुभेदार वाकून जाळीत पाहताना दिसले. थोड्या वेळाने पुन्हा. त्यांनी पंखा जवळ ओढला. एरवी ते भाषण चालू असताना अजिबात हलत नसत. तिसऱ्यांदा त्यांनी उलटा हात कपाटाला लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी नजरेनेच विचारलं. त्यांनी दोन बोटांत उरलेली जागा दाखवली. फारच थोडी होती, आणि चहाला अजून बराच अवकाश होता. मागच्या दारातून हमीदामावशी डोकावल्या, त्यांचा चेहरा पाहून काही न विचारता परत गेल्या. बाजूच्या दारात सेक्रेटरी हातात कार्यक्रमपत्रिका घेऊन उभे होते.

बोलणारे डॉक्टर पुण्याचे होते आणि विस्ताराने बोलत होते. सुभेदारांचा हात बटणावर गेला. तो तिथे राहिला. त्यांना फक्त थोडा वेळ काढायचा होता. आवाज अजून घोगरा झाला नव्हता, वास आला नव्हता, आणि दोरा त्यांच्याशिवाय कुणाला दिसतही नव्हता. डॉक्टरांनी आभार मानले. अध्यक्षबाईंनी हौसाबाईंचं नाव पुकारलं. म्हातारी उठली, लांबलचक सभागृह ओलांडून माइकपाशी येऊन उभी राहिली, आणि पारा दोऱ्याला टेकला.

सुभेदारांनी बटण बंद केलं.

या वेळी ते चहा म्हणाले नाहीत. पुढे येऊन, मागपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सेट तापलाय. थांबवावा लागला. माफ करा." सेक्रेटरींनी हातातली पत्रिका घडी घालून खिशात ठेवली. मी ते पाहिलं, सुभेदारांनीही पाहिलं.

हौसाबाई तशाच उभ्या. त्यांना वाटलं काहीतरी आपल्यामुळे बिघडलं. "मी कायबी हात न्हाई लावला," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की तिसऱ्या रांगेलाही गेला नसेल.

"तुमचं काही नाही, मावशी," सुभेदार म्हणाले. "ते दमलंय. तुम्ही बोला." आणि त्यांनी आपली खुर्ची उचलली, त्यांच्यापासून दोन हातांवर आणून ठेवली आणि तिच्यात बसले, ऐकायला.

मग अध्यक्षबाई व्यासपीठावरून उतरल्या आणि आपली खुर्ची घेऊन सुभेदारांच्या शेजारी येऊन बसल्या. त्यानंतर एकच खुर्च्यांचा खरखराट झाला. डॉक्टर आपापल्या खुर्च्या घेऊन पुढे आले. भिंतीच्या कडेच्या सुईणी आल्या आणि सतरंजीवर खालीच बसल्या, डॉक्टरांच्या पायांशी नव्हे, त्यांच्याही पुढे. कुणीतरी हौसाबाईंनाही बसवलं. माइक त्यांच्या मागे एकटाच उभा राहिला.

"मला लय काय बोलायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "मला एवडंच इचारायचंय. बाई अडली, आन माज्या हाताबाहीर गेली, तर मी तिला कुटं धाडू? हितं दवाखान्यात आनली तर कुलूप. तळेगावला नेईस्तवर बाई जाती. दोन गेल्या माज्या हातात. कोन कुटं असंल, तेवडं सांगा. मी डोलीतनं धाडीन."

बोलून झालं तरी त्यांनी मान खाली घातली नाही. समोर, हाताच्या अंतरावर, लोणावळ्याच्या त्याच दवाखान्याचे डॉक्टर बसले होते. दुसरीकडे पाहायला त्यांना जागा नव्हती. त्यांनी अडचणी सांगायला सुरुवात केली आणि मधेच थांबले. मग म्हणाले की किल्ली नर्सबाईंच्या घरी राहील, घर दवाखान्याच्या मागेच आहे, आणि मला उठवायचं काम त्यांचं. हौसाबाईंनी विचारलं, "रातीबी?" ते म्हणाले, "रात्रीही." मग दुसरी सुईण बोलू लागली, मग तिसरी.

मी भराभर टिपून घेत होते, तेवढ्यात माझ्या पायापाशी फरशीवर उजेड पडला. सुभेदार केव्हा उठून आले ते कळलं नव्हतं. ते कपाटापुढे गुडघे टेकून बसले होते आणि त्यांनी खालच्या खणाचं दार उघडलं होतं. आत पावसाळ्याचा दिवा जळत होता.

दसऱ्याला त्यांनी तो काढला होता, मला आठवतं. पण त्याच आठवड्यात पाऊस परत आला म्हणून पुन्हा लावला, आणि मग पाऊस गेला तरी तो राहिला. सकाळपासून सेट वरून स्वतःच्या उष्णतेने आणि खालून त्या दिव्याने तापत होता. सुभेदारांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी टिपणं थांबवली नाहीत, पण त्यांना कळलं होतं की मी पाहिलं आहे. दुसऱ्या कुणाचं लक्ष नव्हतं. दार लावून टाकलं असतं तर सेट जुना झाला, एवढंच सगळ्यांना वाटलं असतं.

त्यांनी रुमालाने दिवा पिरगाळून काढला. बोलणं संपून लोक चहाला उठले तशी वाट काढत ते सेक्रेटरींपाशी गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सेटचा दोष नव्हता. ओलीचा दिवा आत राहिला होता. मी लावला, मी विसरलो." आणि रुमालासकट दिवा त्यांच्या हातात दिला. "जपून. गरम आहे."

मग ते खोलीत गेले. मी मागोमाग गेले तर ट्रंक उघडी होती आणि ते शर्टांच्या घड्या घालत होते. हमीदामावशी दारात बशी घेऊन उभ्या होत्या. "सुभेदारसाब," त्या म्हणाल्या, "पेटी भरा, आमी न्हाई म्हनत न्हाई. पर आदी चा प्या. गार करून आनलाय." सुभेदारांनी बशी घेतली. साय नीट धरली होती.

संध्याकाळी सेक्रेटरींनी मला बोलावून इंग्रजीत पत्र सांगितलं. ट्रस्ट आपल्या सेवेबद्दल आभारी आहे, वगैरे. शेवटी खोली रिकामी करण्याबद्दल. मी टाइप करून आणलं. ते खिशातून पेन काढू लागले तेव्हा मी म्हटलं, "साहेब, सही उद्या सकाळी केली तर चालेल?"

"का?"

"गरम आहे," मी म्हटलं.

त्यांनी पेन ठेवलं आणि पत्रावर वजन म्हणून तो रुमालातला दिवा ठेवला.

सकाळी मी गेले तेव्हा दिवा रुमालातून काढलेला होता आणि सेक्रेटरी तो तळहातावर घेऊन बसले होते. "आत हा होता, ते कुणी पाहिलं होतं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"तुम्ही मला सांगणार होतात?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी दिवा टेबलाच्या खणात ठेवला. पत्र कुठे गेलं ते मी विचारलं नाही. टेबलावर तरी नव्हतं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले की पुढच्या महिन्यातल्या शिक्षकांच्या परिषदेची पत्रिका घ्या, छापखान्याला आज जायला हवी. मी पॅड उघडलं. स्वागत, वेळ. पहिलं भाषण, वेळ. दुसरं भाषण, वेळ. मग म्हणाले, "चहा."

मी पेन्सिल टेकवून थांबले. खिडकीतून सभागृहाचं दार दिसत होतं आणि आतून सुभेदारांचा आवाज येत होता. ते मळवलीपर्यंत आले होते.

"वेळ?" मी विचारलं.

"ती जागा मोकळी ठेवा," सेक्रेटरी म्हणाले.